गोठ्यातलं वादळ

खुटबावचे ज्ञानूमामा एकतीस वर्षं तमाशाच्या फडात सोंगाड्या होते. दसऱ्याला घर सोडायचे ते बुद्धपौर्णिमेनंतरच परतायचे. रोज नवं गाव, रोज तंबू ठोकायचा आणि उपटायचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस तोंडाला रंग फासतो म्हणून चुलत्यांनी त्यांना पंगतीला बोलावणंही सोडलं होतं.

गेल्या वर्षी शिरूरच्या एका संस्थेनं त्यांचा सत्कार केला. स्मरणिका आधी इंग्रजीत लिहिली होती, मराठी मजकूर कॉम्प्युटरनं करून घेतला होता. निवेदकानं तो तसाच वाचला, "मामांनी एकतीस वर्षं गोठ्यांत वादळ घातलं."

सभागृह खो खो हसलं. मामांनी शाल घेतली आणि जेवणाला न थांबता खुटबावची गाडी धरली. आयुष्यभर त्यांनी लोकांना हसवलं होतं. आज लोक त्यांना हसले होते.

सकाळी त्यांनी स्मरणिका नातीपुढं टाकली. धनश्री शाळेत इंग्रजी शिकवायची.

"कुणाच्या गोठ्यात शिरलो व्हतो गं मी?"

इंग्रजी पान वाचून ती म्हणाली, "आबा, मूळ शब्द बार्नस्टॉर्म हाय. बार्न म्हंजी धान्या-चाऱ्याचं कोठार. अमेरिकेत पूर्वी नाटकवाले खेड्याखेड्यांत फिरायचे. थेटर नसायचं, मग कोठारातच खेळ करायचे. त्यावरनं फिरत्या नाटकवाल्यांच्या कामाला ह्यो शब्द पडला, आन् कॉम्प्युटरनं तो फोडून बार्नचा गोठा, स्टॉर्मचं वादळ केलं. गोठा न्हाई आन् वादळबी न्हाई."

"म्हंजी आमच्या कामाला तिकडं सरळ शब्द हाय. आन् इथं आम्हाला भटके म्हणायचे!"

धनश्रीनं संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावून चूक सांगितली आणि फोन मामांच्या हाती दिला. ते म्हणाले, "मामा, प्रती वाटून झाल्या. पुढच्या वर्षीच्या अंकात 'झंझावाती दौरा' असं दुरुस्त करतो. पुढाऱ्यांच्या प्रचाराला इंग्रजी पेपरवाले बार्नस्टॉर्म हाच शब्द वापरतात."

मामांचा आवाज चढला. "पुढारी गाडीतनं हात हालवून जातो, सायेब. आम्ही त्या गावच्या हिरीचं पाणी प्यायचो, रातभर नाचायचो. दौरा काय म्हणता?"

"बघू, बघू," म्हणत अध्यक्षांनी फोन ठेवला.

"मग काय लिहायचं, आबा?" धनश्रीनं विचारलं.

मामांनी स्मरणिका मिटून बाजूला सारली. "गावोगाव फिरून खेळ केले. एवढंच लिही."

तिनं तसं पत्र धाडलं. दोन महिन्यांनी एकदा, नंतर पुन्हा एकदा आठवण करून दिली. नवा अंक निघाला, त्यात मामांचं नावच नव्हतं.