चर्च हॉलमधली फोडणी

“बाहेर व्हा! सगळे बाहेर!” हॉलचा केअरटेकर डेरेक असा ओरडला, की थेट लंडनला ऐकू गेलं असेल.

आज म्युझियममध्ये काचेआड माझा हळदीचे डाग पडलेला एप्रन दिसला आणि ती आरोळी पुन्हा कानात घुमली. ‘वणव्यानंतर मदतीला धावलेल्या स्वयंसेवकाचा एप्रन’ असं शेजारी लिहिलंय. खरं काय घडलं ते लिहिणाऱ्याला कुठलं माहीत!

घरं जळालेल्यांसाठी आमच्या मंडळातर्फे मी लीड्सहून डोंगराखालच्या त्या चर्च हॉलमध्ये जाऊन, हत्ती बुडेल एवढ्या पातेल्यात आमटी करत होतो. डोंगर अजून धुमसत होता. घरी फोडणीआधी आम्ही स्मोक अलार्म वाजू नये म्हणून त्याला शॉवर कॅप घालतो; तिथे मी विसरलो. तापल्या तेलात मूठभर लाल मिरच्या पडल्या, खकाणा उठला, अलार्म कोकलायला लागला. आग इथवर आली असं वाटून माणसं मुलांना उचलून पळत सुटली.

फक्त म्हाताऱ्या जीनबाई खुर्चीतून हलेनात. त्यांचा नवरा केन मेंढ्या शोधायला परत डोंगरावर गेला होता.

“मी इथेच थांबेन म्हणून सांगितलंय त्याला.”

मी त्यांचा हात धरला. केन तासाभराने काळाठिक्कर होऊन पण धडधाकट परतला. तेव्हा मात्र ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

“अहो जीन, आग नाही ही. माझी मिरचीची फोडणी आहे,” मी खोकत कबूल केलं.

दारावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “केनला तिखट चालत नाही.”