भर दुपारी शुक्राची चांदणी

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. खगोलशास्त्राचा पेपरही माझ्याकडेच होता. एका वर्षी त्याला सगळ्या मुलीच आल्या आणि प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. आकाश रात्री बघायचं असतं, मुलींना घरून कोण सोडणार आणि बाई, तुम्ही तरी कशा थांबणार, असं त्यांचं म्हणणं. पेपर बंद करायचं त्यांनी ठरवलंच होतं. माणूस वाईट नव्हता, पण मला फार राग आला. आकाश दुपारीही असतं, उद्या मैदानात या, दाखवते, असं सांगून मी बाहेर पडले.

दुपारी एकला शुक्र कुठे असेल ते मी गणित करून काढलं. नळाच्या पाइपाचा लांब तुकडा स्टुलाला बांधून तिकडे रोखला. एक वाजता प्राचार्यांनी डोळा लावला, मग मुलींनी, मग मी. नुसतं निळं आभाळ. प्राचार्य ऑफिसकडे वळले.

तेवढ्यात माझी चूक माझ्या ध्यानात आली. गणित मी सोलापूरच्या वेळेनं केलं होतं आणि घड्याळ होतं रेडिओवरून लावलेलं, साऱ्या देशाच्या एकाच वेळेचं. सूर्याच्या हिशेबानं सोलापुरात एक वाजायला अजून जवळजवळ अर्धा तास होता. पाइप बरोबर होता, आम्हीच लवकर आलो होतो. प्राचार्यांना मी चहा पिऊन परत यायला सांगितलं आणि पाइपाला कुणाचा धक्का लागू नये म्हणून स्टुलाशी उन्हात उभी राहिले. मुलं जमून फिदीफिदी हसत होती. हसोत बापडी, मी हलले नाही.

पाइपाशी वाकलेली एक विणकराची मुलगी एकदम ताठ झाली.

"बाई, चांदणी आली की."

प्राचार्यांनीही पाहिली, बराच वेळ पाहिली. पेपर चालू राहील म्हणाले, रात्रीच्या प्रात्यक्षिकांना मात्र एखादे सर देऊ.

"रात्रीही मीच येणार," मी म्हटलं. "ज्या वडिलांना काळजी असेल त्यांनी सोबत यावं."

वडील आले. काही तर गिरणीची पाळी संपवून तसेच आले होते. गच्चीवर दुर्बीण लावली, तसे त्यातले एकजण मुलीला बाजूला सारून पुढे झाले. मी त्यांच्या आडवी उभी राहिले.

"आधी ती बघेल. तुम्ही तिच्या मागे उभे राहा."