पाणीवाले

बडोद्यात वादळाची बातमी आली तरी कुणी फारसं मनावर घेत नाही. समुद्र तिकडे खंभातला, आपल्याला काय त्याचं, असा हिशेब. पण त्या वर्षी बातमी आली ती ऐन गणपतीत. आधीच पाऊस लागून राहिलेला, विश्वामित्री काठोकाठ. दुपारी एक रिक्षा भोंगा लावून गल्लीत फिरली. वावाझोडुं येतंय, वरच्या तलावातून पाणी सोडणार आहेत, सगळ्यांनी अंधाराच्या आत वरच्या शाळेत चला. वावाझोडुं म्हणजे वादळ. इथे जन्म काढला, आम्हीही तसंच म्हणतो.

ती शाळा माझीच. म्हणजे मी तिथे शिपाई होतो. मी स्वतः चौथीतच शाळा सोडलेली, पण त्या शाळेच्या किल्ल्या माझ्या कमरेला असायच्या आणि खोली उघडायची तर हेडमास्तरसुद्धा मला हाक मारायचे. राहायचोही शाळेच्या आवारातच. नदी चढली की खालच्या गल्लीतली माणसं बोचकी डोक्यावर घेऊन यायची. मी फाटकात उभा राहून ओरडायचो, "आले पाणीवाले! पाय धुवा आधी. चिखल घेऊन वर्गात शिरायचं नाही." वर्ग घाण झाला तर मास्तर मला बोलणार, त्यांना नाही. तेवढं मला अजूनही बरोबर वाटतं. पण ज्या आवाजात बोलायचो तो आठवला की कान गरम होतात.

नोकरी संपली, आवारातली खोली सोडावी लागली. परवडलं ते घर त्याच खालच्या गल्लीत.

तर त्या दुपारी गल्लीच्या तोंडाशी, आमच्या दारापुढेच, सगळे जमले. कुणी म्हणे जाऊ या, कुणी म्हणे टीव्हीवाले उगीच घाबरवतात. एकाने मला विचारलं, "काका, तुम्ही तर शाळेचे जुने माणूस. बोला ने, जायचं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ते फाटक दिसलं, आणि बोचकं घेऊन आत शिरणारा मी.

"माझ्या घरी पाच दिवसांचा गणपती बसलाय," मी म्हणालो. "देव बसलेला असताना घराला कुलूप लावत नाहीत. तुम्ही जा."

रीत खरी आहे, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. उलट दोघातिघांनी हात जोडले.

घरात आलो तर बायको वाती वळत बसलेली. दारातून सगळं ऐकलेलं होतं तिने.

"गणपती आड येतोय, का फाटक?"

"तू वाती वळ."

"वळतेच आहे. तुमच्या घरात दुसरं काय करणार?"

गल्ली रिकामी व्हायला लागली. शेजारच्या बा तेवढ्या ओट्यावर बसून होत्या. गुजराती, विधवा, माझ्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेल्या. मुलगा कारखान्यात पाळीवर अडकला होता. आमच्या आरतीला त्या रोज यायच्या, शब्द चुकीचे म्हणायच्या पण सगळ्यांत मोठ्याने. त्यांचं बोचकं बांधून तयार होतं.

"बा, निघा. ही गल्लीतली पोरं हात धरून नेतील."

"अने तुमी? तुमी नाय येणार?"

"आमचा गणपती आहे."

बांनी बोचक्याची गाठ सोडली. "तर मी पण राहते. बाप्पा बसलाय तिथे मला शुं थवानुं, काय होणार?" न्यायला आलेल्या पोरांना त्यांनी हातानेच जा म्हणून सांगितलं आणि आमच्या घरात येऊन गणपतीसमोर माळ घेऊन बसल्या.

मला वाटलं होतं मी माझ्यापुरतं बोललो. ही बाई माझ्या शब्दावर जीव ठेवून बसली.

मग वारा सुटला. समोरच्या घराचा पत्रा उठला आणि विजेच्या तारांवर जाऊन आपटला. अजून उजेड होता, तेवढ्यात पाणी उंबऱ्याला लागलं.

"बा, चला आता."

"बाप्पा?"

"त्याचं मी बघतो. तुम्ही हिच्याबरोबर जा."

"ना. तुमी राहणार तर मी राहणार."

बायको माझ्याकडे बघत होती. पाणी आत आलं, पाटाखाली शिरलं. तेव्हा मला बोलावं लागलं.

"बा, देवाचं निमित्त होतं. मला त्या शाळेत पाणीवाला होऊन जायची लाज वाटते."

बांनी माळ थांबवली. "एटलुंज?" म्हणाल्या. एवढंच? "अरे भाई, मी किती वेळा गेली छुं तिथे. तुमी ओरडायचे ते ऐकत ऐकत. मला काय मजा येत होती?" आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "उचला बाप्पाला."

बा त्या गर्दीत असायच्या हे मला माहीतच नव्हतं. पाहिलं असणार मी त्यांना. पाय बघितले असतील, तोंड बघितलं नसेल.

अक्षता टाकल्या, पुनरागमनाय च म्हटलं, मूर्तीवर प्लास्टिकची पिशवी घातली आणि पाट डोक्यावर घेतला. बाहेर पाणी गुडघ्याला आलं होतं. उघड्या गटारापाशी बांचा पाय गेला आणि त्या कमरेपर्यंत आत गेल्या. माझे दोन्ही हात पाटाला. मी नुसता "धर, धर" ओरडत उभा. बायकोने त्यांना काखेत हात घालून ओढून काढलं, एकटीने. दोघी भिजून चिंब आणि मी देव सांभाळत मधोमध, देवळातल्या खांबासारखा.

शाळेच्या फाटकात कुणीच नव्हतं. उघडंच होतं. वर्गात शिरलो तशी माणसं भराभर उठली, बाक मोकळा केला, त्यावर कुणीतरी ओढणी अंथरली. एक बाई माझ्या पाया पडली. "जीव जायची वेळ आली पण काकांनी देव सोडला नाही," ती सगळ्यांना सांगत होती. माना डोलत होत्या.

मी बांकडे बघितलं. आता त्या बोलतील असं वाटलं. त्यांनी बोलावं असंही वाटत होतं, म्हणजे सुटलो असतो. त्या पदर पिळत म्हणाल्या, "आरती करो ने. भूक लागी छे."

आरती मी सुरू केली. दुसऱ्या कडव्यावर थांबलो. पुढची बायकोने म्हटली.

निजायला सतरंजी घालताना ती हळूच म्हणाली, "सांगायचं होतंत."

"सकाळी सांगतो."

सकाळी वारा पडला होता. पाणी उतरलं म्हणून सगळे घाईत निघाले. आदल्या दुपारी मला विचारणारा तो माणूस जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तुमच्या भक्तीने वाचवलं हं गल्लीला."

बा शेजारीच उभ्या होत्या.

"हो," मी म्हणालो.