आपोआप चढणाऱ्या मोळ्या

तेलगावच्या बसथांब्याजवळ शिवकन्येचे मोबाईल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक ओसरले की ती शटर अर्धे खाली ओढते, फोन काउंटरवर उभा करते आणि एखाद्या गेमविषयी बोलू लागते. तिचे व्हिडिओ पाहणारे बहुतेक लोक ऊसतोडीच्या टोळ्यांतले आहेत. हंगामात ते घरापासून दूर, कारखान्यांच्या परिसरात असतात आणि त्यांच्याजवळचे फोन स्वस्तातले असतात. अशा फोनमध्ये नवा गेम घ्यायचा तर आधी काहीतरी पुसावे लागते, आणि पुसण्याजोगे सहसा घरच्या माणसांचे फोटोच असतात. म्हणून शिवकन्या गुण देत नाही. शेवटी ती एकच शब्द उच्चारते, ‘ठेवा’ किंवा ‘काढा’. आपल्या शब्दावर विसंबून कोणीतरी भाचीच्या बारशाचे फोटो पुसणार आहे, याचे भान तिला असते. तिच्या परखडपणाचे मूळ स्वभावापेक्षा या भानात अधिक आहे.

गेल्या हंगामात तिच्यापुढे ‘फड’ आला. पाटोद्याच्या अभिमन्यूने एकट्याने तयार केलेला हा गेम. खेळणाऱ्याने उभा ऊस तोडायचा, बैलगाडी भरायची आणि चिखलातून, चढावरून ती कारखान्यापर्यंत न्यायची. त्यातले दोष उघड होते. चढावर गाडी हवेत तरंगे. बैल उसात शिरून दिसेनासे होत. मध्येच कुणाचा फोन आला तर खेळलेले सगळे पुसले जाई. तरीही कोप्यांमध्ये, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, तो पाहता पाहता पसरला. आपले जगणे कुणीतरी पडद्यावर आणले आणि तेही कीव करण्यासाठी नव्हे, खेळण्यासाठी, हा अनुभव त्या लोकांना नवा होता. गेममधला मुकादम ‘उठा रे, गाड्या लावा’ असे खेकसला की माणसे हसून दाद देत. ‘ताई, फडवर कधी बोलता?’ अशी विचारणा रोज होऊ लागली.

शिवकन्येलाही तो आवडला होता. लहानपणीचे कित्येक हंगाम तिने आईवडिलांबरोबर अशाच कोप्यांत काढले होते. परंतु नेमक्या त्याच कारणाने ती अडली. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. दोघेही राबतात, मोळी बांधून ती डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणे हे मात्र बहुधा बाईच्या वाट्याला येते. ‘फड’मध्ये कोयता चालवणारा पुरुष होता, बाई नव्हती. तोडलेल्या उसाच्या मोळ्या आपोआप बांधल्या जात आणि हवेतून तरंगत गाडीवर जाऊन बसत. दिसेनासे होणारे बैल पुढच्या आवृत्तीत परत आणता येतात. बाई नसण्याचा दोष मात्र त्या जातीचा नव्हता.

तिने आईला, भिवराबाईंना, विचारले. दुकानाच्या मागच्या खोलीत पाय पसरून त्या ‘फड’च खेळत होत्या.

“आये, ह्यात बाई कुठं हाय?”

“न्हाई तर न्हाई. बरं हाय की! आपली आपण चढती मोळी. बघ कशी, पाखरावाणी.” भिवराबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “माझी मान गेली त्या मोळ्याखाली. हितं तरी निवांत बसून बघू दे.”

“मग मी चूक म्हणू का नको?”

“तुला काय म्हणायचं ते म्हण. माझ्या फोनातून काढशील तर बघ मात्र!”

ज्या उणिवेने आईचे कष्ट खोडले जात होते, तीच आईला विसावा देत होती. शिवकन्येने तीनदा बोलून पाहिले आणि तिन्ही वेळा केलेले चित्रण पुसले. मग तिने अभिमन्यूला फोन लावला.

“तुज्या गेममधी बाई कावून न्हाई रे?”

“दोन माणसं टाकली की आपल्या लोकांचे फोन हँग होतेत, ताई. करून बघितलं मी.”

“बरं. मग बाप्याला ठिवलंस अन् बाईला काढलंस. उलटं कावून न्हाई केलं?”

“मी ते बघितलंच न्हाई, ताई,” अभिमन्यू म्हणाला. “आई-बाप तोडीला जायचे, मी वसतिगृहात. एकदा सुट्टीत गेलतो, तर आईनं कोपीच्या बाहेर पडू दिलं न्हाई. म्हणली, तू पुस्तक घेऊन बस, हे बघायचं काम न्हाई तुझं. मोळी कशी उचलतेत, ते मला आजबी ठाव न्हाई.”

“हे सांगू का व्हिडिओत?”

“नको. आईला वाटंल, पोरानं माझ्यावरच ढकललं. तुमी काढा म्हणलं तरी चालंल. म्हणजे, चालणार न्हाई. तुमी म्हणलं की लोक काढतेत. पण हे नको.”

निर्मात्याला न्याय द्यायचा तर कारण सांगणे आवश्यक होते; कारण सांगण्याचा अधिकार मात्र तिचा नव्हता. तिने दुसऱ्या दिवशी व्हिडिओ केला. तरंगणारी गाडी, हरवणारे बैल, पुसला जाणारा खेळ, सगळे दाखवले. मग म्हणाली, “ह्यात अर्धा कोयता गायब हाय. तरी ठेवा. माझ्या आईच्या फोनातबी हाय. पण खेळताना एवढं ध्यानात असू द्या, खऱ्या गाडीवर एकबी मोळी आपोआप चढत न्हाई.”

प्रतिक्रिया लगेच येऊ लागल्या. ‘गेम हाय ताई, एवढं कावून मनावर घेता?’ ‘आता बैलांचंबी मत घ्या!’ संध्याकाळपर्यंत सूर बदलला. ‘अभिमन्यू, स्वतःच्या आईच्या डोक्यावरची मोळी दिसली न्हाई का बे तुला?’ असे एकाने लिहिले आणि त्याखाली इतरांची रीघ लागली. शिकून पोरे आईबापाला विसरतात, असा निवाडाही झाला. शिवकन्या ते वाचत होती. एका वाक्यात हे सगळे थांबवता आले असते. तिने ते वाक्य टाइप केले, पुसले आणि फोन बाजूला ठेवून एका गिऱ्हाइकाचा चार्जिंग पॉइंट उघडायला घेतला.

दोन दिवसांनी त्या पहिल्या टोमण्याखाली अभिमन्यूने स्वतः उत्तर लिहिले.

‘न्हाई दिसली. आईनं दिसू दिली न्हाई. मोळी कशी उचलतेत, ते काल आईला विचारलं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं तिनं. हे लिहू का म्हणून तिलाच विचारलं. लिही म्हणली.’

शिवकन्येने ते उत्तर सगळ्यांच्या वर पिन केले.