काट्यावरचा पहिला नंबर

समुद्रपूरजवळच्या एका जिनिंगसाठी मी कापसाच्या गाड्यांना नंबर देणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. वजनकाट्याच्या खोलीतल्या लिनक्सच्या संगणकावर तो चालायचा आणि खिडकीकडे वळवलेल्या पडद्यावर नंबर मोठ्या आकड्यांत दिसायचा. अडचण एकच होती. तो सुरू करायला रोज इंग्रजीत एक ओळ टाइप करावी लागे आणि काटा सांभाळणाऱ्या काकांना ते जमत नव्हतं. म्हणजे गेला हंगामभर सकाळी आठला तिथे मी, आणि माझ्याकडे बघणारे गाडीवाले. मला चार माणसांत उभं राहणं जड जातं. इंग्रजी शाळेतली म्हणून शिष्ट आहे, असं लोकांना वाटतं. मी तो समज खोडून काढत नाही.

म्हणून मी त्या प्रोग्रॅमची यूजर सर्व्हिस बनवली: संगणक लावला की तो आपोआप सुरू. घरी चाललं. नव्या हंगामाच्या मुहूर्ताच्या आदल्या दुपारी काट्यावरचा संगणक बंद करून पुन्हा लावला. नंबराचा पत्ता नाही.

"काऊन वं पोरी, झोपला काय तुहा नंबरवाला?" काकांनी विचारलं.

मी संगणकातल्या नोंदी वाचल्या. लॉगिन होताच प्रोग्रॅम उठला होता, पण डेस्कटॉप अजून उभाच राहिला नव्हता. पडदा सापडला नाही, पाच वेळा धडपडून त्याने नाद सोडला. घरी मी सर्व्हिस नेहमी डेस्कटॉप आल्यावर हातानेच लावून बघितली होती!

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे वाढपी आला, पंगतच बसली नोती, अन् तो वापस गेला."

अगदी तेच! मी जुनी जोडणी काढली, सर्व्हिस ग्राफिकल सेशनशी, म्हणजे डेस्कटॉप उभा राहण्याशी, बांधली, सेशन उभं राहिल्यावरच सुरू हो असं लिहिलं. तपासणार तोच लाइन गेली, ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही.

मुहूर्ताला पहिली गाडी काट्यावर चढेपर्यंत खोलीतल्या कशालाही हात लावायचा नाही, ही तिथली रीत. काका फक्त पूजा करून बटण दाबणार. बिघडलं तर मला कीबोर्डही शिवता येणार नव्हता. संगणकाला हळदकुंकू झालं, नारळ फुटला, काकांनी बटण दाबलं. मी खिडकीबाहेर, ओढणीचं टोक मुठीत. डेस्कटॉपचा निळा रंग आला. मग काहीच नाही. मग अख्खा पडदा पिवळा, आणि मधोमध भलामोठा एक!

"अरे, कोणी हात बी नाई लावला!" पहिला गाडीवाला ओरडला.

"ग्राफिकल सेशन!" मीही ओरडले, सगळ्यांदेखत. कोणालाच काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठला मी घरीच होते, फोन समोर ठेवून. सव्वाआठ. साडेआठ. नऊला तो वाजला आणि मी पहिल्याच रिंगला उचलला.

"चौदा नंबर चालू हाये," काका म्हणाले. "तू चहा घेतला काय?"