लाल खूण नसलेली पिशवी

पत्र असलं म्हणून काय झालं, सरक जवळ. आधी बोलणी खा. हिंजवडीला नोकरी लागली, तर मोठ्या आईकडं फिरकायचंच नाही असं ठरवलंयस का गं? फोनवर तब्येत विचारतेस. तब्येतीला काय धाड भरलीय! पण हे फोनवर सांगायचं नाही. अक्षर वाकडं आहे. दुकानाच्या पाट्या वाचत शिकलेली मी. लावून वाच.

तू नववीत होतीस. तुझी आई जाऊन पंधरा दिवस झाले होते. धायरीच्या ज्या सोसायटीत आम्ही दोघी जावा कचरा उचलायचो, तिथं सभा भरली. मला बोलावलं. मी आत पाऊल टाकलं, तर अध्यक्षसाहेब म्हणाले, "तिथूनच ऐका बाई. फरशी आत्ताच पुसलीये."

चपलांच्या ढिगात उभी राहिले.

वाद महापालिकेच्या नियमाचा होता. सुई, काच कागदात गुंडाळायची, वर लाल खूण करायची. एक काका म्हणाले, "महापालिकेनं आधी खड्डे बुजवावेत, मग आमच्या डब्यात डोकावावं." सगळे हसले. एक तरुण बाई म्हणाली, "अहो, एक जीव गेलाय." तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "वाईटच झालं. पण हातमोजे दिले होते ना? स्वतःची काळजी स्वतः घ्यायला नको? आणि सुई आपल्याच इमारतीतली कशावरून?"

कशावरून. मला माहीत होतं, पोरी.

तिसऱ्या मजल्यावर या अध्यक्षांची आई. साखरेचं इंजेक्शन घ्यायच्या आजी. सुया भाजीच्या देठांत टाकायच्या. लाल खूण केली तर शेजारपाजारी आजार कळेल, याची लाज. मला म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस हं." आणि चहा द्यायला लागल्या. कान तुटलेल्या कपात. कप दाराबाहेर, मीटरच्या पेटीवर. माझा मीच विसळून ठेवायचा. मी त्याला माया समजले. रोज गुपचूप सुया वेचून बाजूला करायचे. हातमोज्यानं पिशवीची गाठ सुटत नाही, म्हणून उघड्या हातानं.

मग भावाच्या लेकीचं लग्न निघालं. चार दिवस माझे मजले तुझ्या आईनं घेतले. तिला सगळं सांगितलं. कुठलं कुत्रं अंगावर येतं, कोण दार उशिरा उघडतं. सुयांचं नाही सांगितलं. शब्द दिला होता ना मी!

"मुंगी चावल्यागत झालं," एवढंच म्हणाली ती. पुढच्या आठवड्यात जबडा धरला. धनुर्वात. दवाखान्यात तोंड उघडेना. डोळे उघडे. माझ्याकडंच बघत होती. तिचं तोंड मिटलेलं, आणि माझं चांगलं धडधाकट असून मिटलेलं. अजून गाठ सोडायला बसले की माझ्या बोटांशेजारी तिची बोटं दिसतात. मी म्हणते, सरक, मी करते. ती सरकत नाही.

तर सभेत त्या चपलांतून मी पुढं गेले. पुसलेल्या फरशीवर.

"सुई तुमच्या घरची, साहेब. तुमच्या आईची."

"पुरावा काय?"

"मी. मीच वेचत होते रोज."

"मग आधी का नाही बोललात?"

अपमान करायलाच विचारलं त्यानं. पण प्रश्न खरा होता. तो मी घरी घेऊन आले. अजून घरातच आहे.

दुसऱ्या दिवशी पेटीवर चहा होता. शिवले नाही. खूण नसलेली पिशवी त्यांच्या दारातच राहू दिली. तक्रारी झाल्या. एका बाईंनी मला "माजलीये" म्हटलं. म्हणू देत. खूण नाही तर हात नाही. आणि नवी बाई कामावर आली की पहिल्या दिवशी जिन्यात उभी राहून, मोठ्यानं सांगते, कुठल्या दारात काय असतं. दारं उघडी असताना सांगते. कुणाचं गुपित आता मी सांभाळणार नाही.

सभेला सांगितलं, तुला नाही सांगितलं. इतकी वर्षं तू मला मोठी आई म्हणत राहिलीस, आणि मी ओ देत राहिले.

या रविवारी ये. लवकर ये. चहा नंतर. आधी मला दारात उभी कर, आणि तोच प्रश्न तू विचार.