दुसऱ्या बेसवरून परत

परेरा सरांची माझी पहिली ओळख हुतूतूच्या मैदानावर झाली. सर अंधेरीच्या आमच्या शाळेत कवायत शिकवीत. माझी एक चढाई पाहून त्यांनी मला बाजूला घेतले आणि विचारले, “काय रे, चोरी करशील?” मी घाबरलोच.

मग उलगडा झाला. सरांचे भाऊ बोटीवर होते. त्यांनी आणलेल्या अमेरिकन वर्तमानपत्रांतून सरांना बेसबॉलचे वेड लागले होते. मैदानावर चार ठिकाणी मांडलेल्या उशा म्हणजे बेस; चेंडू फेकणाऱ्याची नजर चुकवून पुढच्या बेसवर पळणारे, म्हणजे बेस चोरणारे गडी तर त्यांचे दैवत. यंदा सर्वांत जास्त बेस कोणी चोरले, हे ते आम्हांला घरचा मुलगा मॅट्रिक झाल्याच्या आनंदाने सांगत. वर्तमानपत्र कित्येक महिन्यांचे शिळे असे, त्याचे त्यांना काहीच नव्हते.

सरांनी शाळेकडे कधी काही मागितले नाही. आमचे बेस त्यांच्या पत्नीने बारदानात पेंढा भरून घरी शिवले होते. मुख्याध्यापकांना मात्र हे सारे थेर वाटत. शहरातल्या एका शाळेशी सामना ठरला तेव्हा त्यांनी बजावले, “हरलात तर हा खेळ बंद.”

शेवटच्या डावात मी पहिल्या बेसवर होतो. सरांनी खूण केली. मी पळालो आणि दुसरा बेस सुखरूप गाठला. चोरी साधली होती! पण हुतूतूत गड्याला शिवायचे आणि दम तुटायच्या आत आपल्या अंगणात परतायचे, ही सवय हाडीमाशी भिनलेली. मी समोरच्या गड्याला शिवलो आणि ‘हुतूतू’ म्हणत उलटा पहिल्या बेसकडे धावलो. वाटेतच समोरच्या संघाने मला बाद केले. आम्ही हरलो. सारे मैदान हसत होते आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

“पाहिलंत?” मुख्याध्यापक म्हणाले.

सर म्हणाले, “पोरगा पोचला होता ना. तिथून परत यायचं नसतं, हे सांगायला मीच विसरलो.”

हे खरे नव्हते. सरांनी ते आम्हांला घोकून घोकून सांगितले होते.

खेळ बंद झाला. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो नाही, तर संध्याकाळी सर घरी हजर. “लाजतोस काय रे? झकास पळालास!” एवढेच म्हणून ते आईशी माशांच्या भावाबद्दल बोलत बसले. मी मान वर केली नाही.

आज मी नोकरीला आहे, तरी सर समोरून आले की गल्ली बदलतो. ते मात्र लांबूनच हाक मारतात, घरच्यांची चौकशी करतात. त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त मी लिहावे, हा आग्रहही त्यांचाच, हे ऐकून तर मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखे झाले.

परमेश्वर सरांना उदंड, निरोगी आयुष्य देवो. यात माझा स्वार्थ आहे. त्यांनी मला तेव्हाच क्षमा केली. त्यांच्या नजरेला नजर द्यायला मला मात्र अजून काही वर्षे लागतील. तोवर सर समोर हवेत.